गार पाण्यात मेलेले मासे

धरणाच्या भिंतीखाली जेमतेम दीड किलोमीटरवर एक डोह आहे. अठरा वर्षं मी तिथे गळ टाकतोय. तीन वर्षांपूर्वी, उन्हाळा सरता सरता, एका पहाटे काठावर पोचलो आणि नेहमीपेक्षा फार शांत वाटलं. मग कुजक्या अंड्यांचा वास आला. उजाडलं तसं काठाच्या दगडांना लागलेली पांढरी पोटं दिसायला लागली.

मोठे कार्प सगळ्यात जास्त होते. हातभर लांब, तोंड उघडं, कल्ल्यांची झाकणं ताठ फाकलेली. जे जिवंत होते ते पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. मी गुडघाभर पाण्यात उतरून एकाला दोन्ही हातांनी उचललं. त्याने सुटायची धडपडही केली नाही. एरवी ज्या माशाला काठावरच्या नुसत्या पावलाची चाहूल लागते, तो हातात असा निमूट पडलेला बघून पोटात कालवलं.

त्याच दिवशी धरणाच्या कार्यालयात फोन केला, मग लेखी तक्रार दिली. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: तीव्र उष्णतेमुळे नैसर्गिक कारणाने मासे मेले. तोवर मासे सडले होते आणि ते पाणी कुठच्या कुठे वाहून गेलं होतं. आमच्याकडे उरले होते फोटो. मासे मेले एवढंच फोटोवरून कळतं, कशाने मेले ते कळत नाही. गळ टाकणाऱ्या आमच्यातल्या बहुतेकांची तक्रार इथेच येऊन अडकते. आपण संतापतो, फोटो पाठवतो, आणि समोरचा ‘उष्णता’ म्हणून मोकळा होतो.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आयुष्यभर पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. त्यांच्याकडे जाऊन मी नुसता चरफडत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाण्याचं तापमान किती होतं?” मी घेतलंच नव्हतं. “मग पुढच्या वेळी माशांच्या आधी पाणी बघा,” ते म्हणाले.

त्यांनी मला विंकलरची पद्धत शिकवली. १८८८ सालची ही रीत आजही पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला वापरतात. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्राव सोडून, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ बसतो. नसेल तर पांढरा. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत काढतात, पण काठावर उभं असतानाच गाळाच्या रंगावरून बरंच समजतं. शिवाय ऑक्सिजन मोजायचा मीटर होताच. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून तो घेतला. पण मीटरवर शंका घेता येते, म्हणून बाटल्याही भरायच्या ठरलं.

मासा तपासायला द्यायचा तर नुकता मेलेला किंवा मरायला टेकलेला हवा, कल्ले अजून लाल असलेला. तो बर्फात ठेवायचा, गोठवायचा नाही, आणि शक्य तितक्या लवकर पोचवायचा. डोळे पांढरे पडलेला, कल्ले फिकट झालेला मासा काही सांगू शकत नाही. माझ्या पहिल्या वेळच्या फोटोंत सगळे असेच होते. मोजणीचीही रीत असते. काठाचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडून प्रत्येकातले मासे मोजायचे. तरीही तो आकडा कमीच असतो, कारण बरेच मासे आधी तळाशी जातात आणि फुगल्यावर वर येतात.

पहिल्या घटनेनंतर सव्वीस दिवसांनी पुन्हा तसंच झालं. पहाटे पावणेपाचला एका मित्राचा फोन आला, “वास येतोय, ये लवकर.” अर्ध्या तासात आम्ही चौघे डोहावर होतो. थर्मामीटर पाण्यात धरला. १४ अंश. पुन्हा धरला, तरी १४. मीटर दाखवत होता लिटरला ०.८ मिलिग्रॅम. बहुतेक माशांना ५ च्या खाली त्रास सुरू होतो आणि २ च्या खाली फार वेळ तग धरता येत नाही. मग बाटली भरली, द्राव सोडले, बूच लावलं आणि बॅटरीच्या उजेडात धरली. गाळ जवळजवळ दुधासारखा पांढरा होता. कोणी काही बोललं नाही.

आमची सगळी तक्रार त्या १४ अंशांवर उभी राहिली. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो हे खरं आहे. ३० अंशांना लिटरमध्ये साधारण ७.५ मिलिग्रॅम मावतो. पण १४ अंशांच्या पाण्यात दहाच्या वर मावतो. एवढ्या गार पाण्यात एकसुद्धा नसेल, तर दोष उन्हाचा कसा? हे पाणी धरणाच्या तळाचं होतं. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे थर पडतात. वरचं गरम हलकं पाणी वरच राहतं, खालचं गार जड पाणी खाली कोंडतं. तळाशी पाला, शेवाळ, गाळ कुजत राहतो आणि तिथला ऑक्सिजन संपवतो. वरून नवा येत नाही. मग तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि तोच तो अंड्यांचा वास.

पण तळाचं पाणी तर दर उन्हाळ्यात सोडतात. मग याच वर्षी काय झालं?

यासाठी विसर्गाची तासातासाची नोंदवही हवी होती. किती पाणी सोडलं एवढंच नव्हे, कोणत्या मार्गाने सोडलं तेही. पहिला अर्ज ‘माहिती तांत्रिक आहे’ म्हणून परत आला, दुसरा नुसताच पडून राहिला. तिसऱ्यात आम्ही दोनच तारखा आणि एकच रकाना मागितला. तो मिळाला. (मोघम मागितलं की मोघम नकार मिळतो, हे मी फार उशिरा शिकलो.) दोन्ही रात्री सगळं पाणी फक्त टर्बाइनमधून गेलं होतं. शेजारचा झडपेचा मार्ग दुरुस्तीसाठी बंद होता.

ते वाचलं आणि पहिल्या पहाटेची शांतता आठवली. ती झडप उघडी असली की पाणी शंकूसारखं फवारत बाहेर पडतं, पांढरंशुभ्र होऊन, आणि त्याची गाज डोहापर्यंत ऐकू येते. फवारताना त्यात हवा मिसळते, सल्फाइड उडून जातो. टर्बाइनमधून मात्र पाणी बंद नळातून जातं आणि जसंच्या तसं नदीत येतं. तळाचं मेलेलं पाणी वर्षानुवर्षं त्या झडपेमुळे निभावत होतं. ती बंद केली, आणि खाली नदीत काय होईल हे कोणी विचारलंच नाही. कामाच्या वेळापत्रकात नदीसाठी रकानाच नव्हता. दुरुस्ती करायला कोणाचीच हरकत नाही. पण थर पडलेले असताना, उन्हाळ्याच्या टोकाला ती काढायची हा निर्णय माणसांनी घेतलेला होता. त्याला ‘नैसर्गिक कारण’ म्हणणं मला आजही मान्य नाही.

बैठकीत आम्ही एकच कागद ठेवला. डावीकडे आमचे आकडे, उजवीकडे त्यांची नोंद, वेळा समोरासमोर. कोणीतरी पाण्यात विष टाकलं असेल असं एका साहेबांनी सुचवून बघितलं. विषाने सहसा लहानमोठे सगळेच मरतात. इथे मोठे आधी गेले होते आणि बोटभर पिल्लं कडेच्या उथळ पाण्यात जिवंत होती. तपासणीतही विष निघालं नव्हतं. तो मुद्दा तिथेच संपला. सोडलेल्या पाण्यात हवा मिसळायची सोय करा, ही आमची मागणीही जगावेगळी नव्हती. अमेरिकेत टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या धरणं चालवणाऱ्या सरकारी संस्थेने १९९० च्या दशकात सोळा धरणांखालच्या पाण्यातला ऑक्सिजन वाढवण्याचं काम केलं, काही ठिकाणी टर्बाइनमध्येच हवा ओढून घेण्याची सोय करून.

टर्बाइनमध्ये हवेची सोय आमच्याकडे अजून झालेली नाही. पण झडपेचं काम आता थंडीत काढतात, थर मोडून पाणी ढवळलं गेल्यावर. आणि उन्हाळ्यात रात्री थोडं तरी पाणी झडपेतून सोडतात. नियंत्रण कक्षातला एक तरुण ऑपरेटर मार्ग बदलण्याआधी स्वतःहून फोन करतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

मेलेल्या माशांची भरपाई काही नाही. त्या आकाराचे कार्प डोहात परत दिसायला अजून कितीतरी वर्षं जातील. गेल्या उन्हाळ्यात आम्ही आठवड्यातून तीनदा पहाटे पाणी मोजलं. सगळ्यात कमी आकडा ४.६ आला. त्या दिवशी मी गळ टाकला नाही, उजाडेपर्यंत दर अर्ध्या तासाला मोजत बसलो. सकाळी सातला तो ५.३ वर गेला.