येऊन राहिलो

नव्यानं धंद्यात पडलेली पोरं माझ्या दुकानात बसली की एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, कटकट्या गिऱ्हाईक तर दारातच ओळखू येते ना? मग त्याचं काम घेता काऊन?"

सक्करदऱ्यात माझं कूलरचं दुकान आहे. नवे बनवतो, जुने दुरुस्त करतो. होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर निघतात आणि तिथून पाऊस लागेपर्यंत आम्हाला जेवायला फुरसत नसते. वर्षाची कमाई त्या तीन-साडेतीन महिन्यांतली, आणि वर्षाची भांडणंही त्यातलीच.

दारातच ओळखू येतं, असं मलाही आधी वाटायचं. जुन्या मिस्त्रीला शिव्या देत येणारा, स्क्रूचाही भाव विचारणारा, काम चालू असताना डोक्यावर उभा राहणारा. असा माणूस आला की मी पोराला डोळ्यानं खुणावायचो आणि त्याचं काम मागं ढकलायचो. तोंडावर मात्र म्हणायचो, "हो काकाजी, येऊनच राहिलो," म्हणजे येतोच आहे.

२३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी अडीचला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, एक रिटायर मास्तर मानेवाड्याहून सायकलनं आले. तोंडाला दुपट्टा, शर्ट अंगाला चिकटलेला. मी माठातलं पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. खिशातून चौकोनी घडी केलेला कागद काढला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसा वाचला. "शुक्रवार सकाळ, येऊन राहिलो. शुक्रवार संध्याकाळ, येऊन राहिलो. शनिवार, निघालोच." अशा पाच ओळी होत्या, सगळी माझीच उत्तरं. आवाज चढला नव्हता. मग म्हणाले, "घरी बायको आजारी आहे, भाऊ. तुम्हाले जमत नव्हतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. मी दुसरा माणूस पाहिला असता."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोराला दुकानावर बसवलं आणि त्यांच्यासोबत निघालो. पंप बाहेर काढला तर जाळीत ताट्यांच्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या पडद्यांच्या, गवताचा चोथा आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसलेला. जुन्या ब्रशनं घासला, नळी फुंकून मोकळी केली. दहा मिनिटांत ताट्यांवरून पाणी उतरू लागलं. आतल्या खोलीत त्यांच्या बायकोनं पदर बाजूला करून वाऱ्याकडे तोंड केलं, ते मला अजून दिसतं. दहा मिनिटांच्या कामासाठी मी त्या बाईला चार दिवस तापत ठेवलं होतं.

त्या दिवसापासून मी "येऊन राहिलो" म्हणणं सोडलं. आपल्याकडे तो शब्द फार सहज निघतो. नाही म्हणून समोरच्याचं मन कशाला मोडा, इतकंच त्यात असतं. पण तिकडचा माणूस त्या शब्दावर दिवसभर घर सोडत नाही, आणि संध्याकाळी त्याचा जो फोन येतो त्याला आपण कटकट म्हणतो.

आता वहीत तारीख आणि वेळ लिहितो. जमणार नसेल तर सकाळीच फोन करून सांगतो. कूलर उघडण्याआधी खर्चाचा अंदाज देतो आणि मधे काही वेगळं निघालं तर विचारल्याशिवाय हात लावत नाही. काढलेली मोटर, जळलेला कॅपॅसिटर पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. जुन्या मिस्त्रीला शिव्या देणाऱ्याला बसवून विचारतो, "त्यानं काय केलं होतं?" बहुतेकदा तो कधीतरी नाडला गेलेला असतो. चांगली मोटर काढून नेली, पैसे नव्या मोटरचे घेतले. असा माणूस डोक्यावर उभा राहणारच. मी त्याला स्टूल देतो.

भाव करणाऱ्याची मला आता धास्ती वाटत नाही. जो भावच विचारत नाही, "पैशाचं टेन्शन घेऊ नका, काम झकास पाहिजे" म्हणतो, त्याच्यापाशी मी दोन मिनिटं जास्त थांबतो. त्याच्या मनात एक आकडा असतो आणि तो बिलाच्या वेळीच बाहेर येतो. म्हणून आकडा मीच आधी बोलतो.

नवा कूलर घेणाऱ्याला मी पहिल्यांदा खिडकी विचारतो. ओल्या ताट्यांतून कोरडी हवा जाते, पाणी वाफ होऊन उडतं आणि त्यातून थंडावा येतो. बंद खोलीत कूलर लावला तर तासाभरात दमट हवाच फिरत राहते. बाहेरची हवा मागून आत यायला हवी आणि खोलीतली निघून जायला वाट हवी. आणि जूनमध्ये ढग आले की कूलर कितीही चांगला असो, अंग चिकटणारच. हे विकताना सांगितलं नाही तर पंधरा दिवसांनी माणूस "तुमचा कूलर बोगस आहे" म्हणत येतो. त्याची बिचाऱ्याची काय चूक?

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटीही मी उतरवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं खराब निघालेला माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देता येत नाही. बिल न देणंही त्यात बसत नाही. मला विचाराल तर पक्कं बिल दुकानदाराचाच जीव वाचवतं. कशाची गॅरंटी आहे, कशाची नाही, सगळं कागदावर असतं.

एका जागी मात्र मी नाही म्हणतो आणि मागे हटत नाही. लोखंडी कूलर, घरात अर्थिंग नाही, आणि वर "आतापर्यंत काही झालं नाही ना, दोन पिनवरच चालू करून द्या." विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. चालू कूलरमध्ये पाणी भरताना जातात, लहान लेकरं जातात. मी टेस्टर लावून दाखवतो, अर्थिंग करणारा वायरमन सुचवतो. तरी ऐकलं नाही तर अॅडव्हान्स परत करून हात जोडतो. गेल्या उन्हाळ्यात एक जण बाहेर उभा राहून, लोक जमेपर्यंत ओरडत होता. ओरडू दिलं. त्याच्या घरात रांगणारं पोरगं मी पाहिलं होतं.

आणि माझ्या पोरांवर हात उगारणाऱ्याचं काम मी करत नाही. त्याचं कारण देत बसत नाही.

मास्तर आता ऐंशीच्या घरात आहेत. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी नातवाच्या गाडीवर बसून येतात, माझी वही पुढे ओढतात आणि आपली तारीख-वेळ स्वतःच्या अक्षरात लिहून जातात. त्या दिवशी मी दुसरं काम घेत नाही.