लॅबमध्ये गाणी लावावीत का?

आज स्किल्स लॅबमध्ये ज्युनियर डॉक्टर पोरांचा बॉक्स ट्रेनरवर (दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव करायची पेटी; हात बाहेर, उपकरणं आत, नजर पडद्यावर) सराव घेत होते. एकाने फोनवर जोरात गाणी लावली. मी म्हटलं, "बंद कर रे ते." तर म्हणतो, "मॅडम, तानसेनच्या ग्वाल्हेरात गाणं बंद?" (तोंडाळ आहे, पण टाके छान घालतो.)

नवख्यांची पंचाईत वेगळीच असते. हात डावीकडे नेला की पडद्यावर उपकरणाचं टोक उजवीकडे जातं, आणि ते किती आत गेलंय याचा अंदाज तर येतच नाही. एक मुलगी ग्रास्परने (लांब दांड्याच्या चिमट्याने) रबरी रिंग उचलून दुसऱ्या हातात देत होती, अक्षरशः श्वास रोखून. गाण्याने ठेका धरला, हिचाही हात पळायला लागला, आणि रिंग गेली खाली.

पोरांनी लगेच गूगलवरून पुरावा काढला. १९९४ मध्ये अमेरिकेत ५० सर्जनांवर प्रयोग झाला होता; आवडीचं संगीत चालू असताना त्यांचा ताण कमी होता आणि काम जास्त अचूक. खरंय. पण ते सगळे मुरलेले, गाण्याचे शौकीन सर्जन, आणि त्यांना दिलेलं काम काय, तर तोंडी वजाबाक्या! उलट २०१५ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात २० ऑपरेशनांचे व्हिडिओ तपासले, तर संगीत चालू असताना एकच मागणी पुन्हापुन्हा करावी लागण्याचं प्रमाण जास्त निघालं. हे मी नर्सताईंना विचारूनही सांगितलं असतं.

शेवटी तडजोड झाली. नवीन काही शिकताना शांतता; हात बसला की गाणी, तीही हळू आवाजात. आता कोणाची प्लेलिस्ट यावरून ग्रुपवर जुंपली आहे.