खाते बंद झाले तरी माल विक्रेत्याचाच

ऑनलाइन बाजारपेठेच्या गोदामात माल ठेवून विक्री करणारे लोक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांची पहिली मागणी बहुधा एकच असते: बंद केलेले खाते पुन्हा सुरू करून द्या. ही मागणी रास्त आहे. तथापि खात्यासाठी अर्जांमागून अर्ज करण्यात आठवडे जातात आणि त्या काळात मालाबाबतच्या मुदती संपून जातात, हे पाहताना मला मनापासून वाईट वाटते. खाते चालू ठेवायचे की नाही, याबाबत करार कंपनीला पुष्कळ मोकळीक देतो. माल मात्र साधारणपणे केवळ सांभाळण्यासाठी आणि ग्राहकाकडे पाठवण्यासाठी दिलेला असतो; त्याचा ताबा कंपनीकडे असला तरी मालकी विक्रेत्याचीच राहते. म्हणून खात्याची मागणी आणि मालाची मागणी यांसाठी पहिल्या दिवसापासून दोन स्वतंत्र पत्रे असावीत, असा माझा आग्रह असतो.

माल अडकला आहे की हरवला आहे, हेही आधी ठरवावे लागते. अडकलेल्या मालाबाबत कंपनीने कारण सांगितलेले असते: बनावट असल्याची तक्रार, ट्रेडमार्कचा वाद, सुरक्षिततेची शंका किंवा विक्रेत्याची ओळख पटलेली नसणे. बनावट मालाचा आरोप असेल, तर माल परत न करता नष्ट करण्याचा अधिकार अनेक करारांत कंपनीने राखून ठेवलेला असतो. अशा वेळी वकिलाच्या पत्रात पहिली मागणी माल जपून ठेवण्याची हवी, कारण नष्ट झालेल्या मालाची तपासणी पुढे कोणीही करू शकत नाही. कंपनी ऐकत नसेल, तर त्यासाठी तातडीचा मनाई हुकूम मागता येतो का, हे त्याच आठवड्यात पाहावे.

युरोपीय संघाच्या २०१९/११५० या नियमाने तेथील विक्रेत्यांना एक चांगला आधार दिला आहे. हा नियम १२ जुलै २०२० पासून लागू आहे. विक्रेत्याची सेवा रोखताना कंपनीने कारणे लेखी द्यावीत आणि ती पूर्णपणे बंद करायची असल्यास, काही अपवाद सोडता, किमान ३० दिवस आधी कळवावे, असे त्यात म्हटले आहे. जेथे असा कायदा नाही, तेथेही लेखी कारण मागावेच. मोघम उत्तर आले किंवा उत्तरच आले नाही, तरी तो पत्रव्यवहार पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

हरवलेल्या मालाचे प्रकरण सगळे कागदांवर उभे असते. किती नग पाठवले, हे पुरवठादाराच्या बिलावरून दिसते आणि किती खोकी पोहोचली, हे वाहतूकदाराच्या पोचपावतीवरून. पोचपावतीवर वजन असेल, तर ते फार मोलाचे ठरते, कारण खोके पोहोचले पण आत माल कमी होता, या उत्तराला त्या आकड्याने थेट तपासता येते. अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत २०२४ मध्ये गोदामात हरवलेल्या मालाच्या दाव्याची मुदत १८ महिन्यांवरून ६० दिवसांवर आणली आणि २०२५ पासून भरपाई विक्रीच्या किमतीऐवजी माल बनवण्याच्या किंवा मिळवण्याच्या खर्चावर आधारली. त्यामुळे वर्षाअखेरीस हिशेब जुळवू म्हणणाऱ्या विक्रेत्याचा दावा तोपर्यंत मुदतबाह्य झालेला असू शकतो. साठ्याचे अहवाल दर महिन्याला उतरवून स्वतःकडे ठेवावेत, कारण खाते बंद होताच ते पाहण्याची सोयही बंद होऊ शकते.

वकील नेमण्यापूर्वी करारातील तीन गोष्टी वाचून घ्याव्यात: वाद लवादाकडे जातो की न्यायालयात, कोणत्या देशाचा कायदा लागू होतो आणि भरपाईला कमाल मर्यादा आहे का. लवाद परदेशात असला, तरी १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली त्याचा निवाडा बहुतेक देशांत अमलात आणता येतो. मात्र मालाची किंमत लवादाच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर मी स्वतः माल बाहेर काढून घेण्यापुरती तडजोड करण्याचा सल्ला देते आणि अडवणुकीच्या काळात आकारलेले साठवणूक शुल्क माफ करण्याची अट त्या तडजोडीत लिहून घेते.