एका आकड्याने

महाल, नागपूर. १२ मे, रात्री अकरा.

आज माळ्यावरची ट्रंक रिकामी करताना काकांच्या सट्टापट्टीच्या, म्हणजे मटक्याच्या, तीन वह्या सापडल्या. प्रत्येक पानावर त्यांनी लावलेली दोन आकड्यांची जोडी, तिच्यासमोर आलेला ओपन (आधी निघणारा आकडा) आणि क्लोज (नंतर निघणारा), आणि जिथे आकडा एकाने हुकला तिथे लाल शाईची रेघ. लागलेल्या जोड्यांखाली मात्र एकही रेघ नाही.

एका पानावर ४७ होते. ओपनला ४ आला, म्हणजे क्लोज येईपर्यंत काका मनाने अर्धे जिंकलेलेच होते, आणि रात्री ६ आला. सहा सातच्या शेजारी बसतो तो आपल्या मोजणीत. सट्ट्यातल्या आकड्याला शेजार नसतो, आणि ४७ लावणाऱ्याच्या पदरात ४६ जेवढे टाकतो तेवढेच १३.

केंब्रिज विद्यापीठातील ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दोन चाकांच्या जुगारयंत्राचा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची एमआरआय चित्रे घेतली. चाकावरचे चित्र एका घराने हुकले की पैसा मिळत नसे, तरीही प्रत्यक्ष जिंकल्यावर जागे होणारे वेंट्रल स्ट्रायटम आणि इन्सुला हे भाग तेव्हाही जागे झाले. असे हुकणे साफ हरण्यापेक्षा अधिक बोचते, असे खेळणाऱ्यांनी सांगितले, आणि तरी पुन्हा खेळण्याची ओढ वाढली. तीही चित्र स्वतः निवडलेले असेल तेव्हाच. काका आपली जोडी कधी कुणाला विचारून लावत नसत.

याच काकांनी मला अंगणात गोट्या शिकवल्या. गोटी बोटभर बाजूने गेली की ते "जमतंय" म्हणत, आणि ते खरे असे, कारण त्या चुकीतूनच पुढचा नेम सुधारतो. हीच शिकवण मेंदू सट्ट्यालाही लावत असावा, असे मला वाटते.

इन्सुलाला इजा झालेल्या रुग्णांत थोडक्यात हुकल्यावरची ही ओढ दिसत नाही, असे क्लार्क यांच्याच गटाला २०१४ साली आढळले. हे वाचल्यापासून, काकूंच्या पाटल्या गेल्या तेव्हा घरात काकांना जे "निर्लज्ज" म्हटले गेले, तो शब्द मला टोचत राहिला आहे. मी तेव्हा गप्प बसलो होतो.

संध्याकाळी वह्या त्यांच्यासमोर ठेवल्या. सट्टा सोडून त्यांना एकोणीस वर्षे झाली. कूलरसमोर बसून त्यांनी सावकाश पाने उलटली आणि ४७ वर त्यांचे बोट थांबले.

"एका आकड्यानं गेला नं बाप्पा," ते म्हणाले, आणि वही परत द्यायला त्यांना बराच वेळ लागला.