कापसाच्या खोलीतून वायर नको

काकाजींचं म्हणणं साधं होतं. सोलरचं पॅनेल मागच्या स्लॅबवर, मीटर पुढच्या ओसरीत, मधे घर. मग वायर घरातूनच सरळ ओढा, उगाच वळसा कशाला?

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस रस्त्यावरून आत शिरलं की लागणाऱ्या एका गावातलं काकाजींचं हे घर. पुढे ओसरी, मधे कवेलूंचं जुनं सागवानी घर, मागे अलीकडे बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. छतावरच्या सोलरसाठीच्या सरकारी सूर्यघर योजनेतून 3 किलोवॅटची सिस्टीम मंजूर झाली होती, म्हणजे सबसिडी 78 हजार. पॅनेल 540 वॅटचे, सहा. स्लॅबवर दक्षिणेकडे तोंड करून एका रांगेत सहज बसत होते आणि सावली कशाचीच नव्हती. पॅनेलचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. वायर कुठून न्यायची यावर मात्र अख्खी सकाळ गेली.

टेप धरून मोजलं. घरातून सरळ गेलं तर 16 मीटर. बाहेरून, कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने गेलं तर 40.

"सीधी घरातून ओढा ना भाऊ. काहून येवढा वळसा घालून रायले? वायरचे पैसे झाडाले लागले काय?"

सोलर बसवायला आलेला मी. म्हटलं, आधी मधली खोली दाखवा.

2025 चा जानेवारी होता. मधल्या खोलीत कापूस होता, दारापासून थेट आढ्यापर्यंत. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,521 आणि व्यापारी सात हजाराच्या आसपास मागत होते, त्यामुळे त्या हंगामात अर्ध्या गावाने कापूस घरातच दाबून ठेवला होता. काकाजींचा चाळीसेक क्विंटल असावा. ज्यांनी अशा खोलीत पाय ठेवलाय त्यांना सांगायला नको, दहा मिनिटांत मानेपासून कोपरापर्यंत खाज सुटते. टॉर्च तोंडात धरून मी ढिगावर चढलो. मांडीपर्यंत आत जातो माणूस.

वरच्या सागवानी सऱ्यावर जुनी पट्टीवरची वायरिंग होती. बल्बसाठी मधेच एक जोड काढलेला आणि त्याची टेप कधीच वाळून गळून पडलेली. सरकीसाठी उंदीर येतातच, सऱ्यावर लेंड्यांची रांग होती. त्यांनी जोडाच्या दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक कुरतडलं होतं. दोन बोटं भरेल एवढं तांबं उघडं पडलेलं आणि त्याच्याखाली एक वीतभर अंतरावर कापूस. बल्ब चालू होता.

खाली उतरून आधी मेन पाडला, मग बोललो.

काकाजी दारात उभे. "वीस वर्षं झाले, ते वायर तिथंच हाय. काय झालं त्याले?"

काकू आतून म्हणाल्या, "मी त म्हणतच होती, त्या खोलीत बल्ब नोका लावू."

इतकी वर्षं काही झालं नाही, मग आता काय होणार, हा प्रश्न मला दर दुसऱ्या घरी ऐकावा लागतो, आणि त्याचं उत्तर टाळता येत नाही. घरातली लाईट एसी असते, म्हणजे करंट सतत दिशा बदलत राहतो. 50 हर्ट्झची म्हणजे सेकंदाला शंभर वेळा करंट शून्यावर येतो. ठिणगी पडली तरी तिला विझायला प्रत्येक वेळी संधी मिळते. आणि फेज-न्यूट्रल चिकटले तर डीपीवरून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, करंट असा धावत येतो की एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, क्षणात पडतो. (काकाजींच्या फ्यूजमध्ये कोणीतरी तांब्याची जाड तार घालून ठेवली होती, तेव्हा ही दुसरी सोय त्यांच्या घरात नव्हतीच. पण नियम म्हणून सांगतो.)

पॅनेलचं तसं नाही. त्यातून येते ती डीसी, एकाच दिशेने सलग वाहणारी. आमच्या पॅनेलचा चालू करंट साधारण 13 अँपियर आणि दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, पूर्ण शॉर्ट झाल्या, तर करंट किती? पावणेचौदा. बस. फ्यूजने यातला फरक कसा ओळखायचा? एकाच स्ट्रिंगच्या, म्हणजे पॅनेलच्या एकाच माळेच्या, छोट्या सिस्टीममध्ये डीसी फ्यूज शॉर्ट सर्किटसाठी जवळजवळ शोभेचाच असतो. जोड सैल झाला किंवा वायर कुरतडली गेली की डीसीची ठिणगी ओढत जाते, शून्यावर येतच नाही, आणि खाली डीसीची एसी करणाऱ्या इन्व्हर्टरला बऱ्याचदा पत्ताही लागत नाही. गावातली लाईट गेली, इन्व्हर्टर बंद पडला, तरी ऊन आहे तोवर वायरमध्ये तीनशे व्होल्ट उभेच असतात. मेन पाडून ते जात नाहीत. रात्रीच जातात.

"स्विच लावा ना मंग वरती."

लावणारच होतो, स्लॅबवर डीसी आयसोलेटर, म्हणजे तोच स्विच, असतोच. पण आग लागल्यावर शिडी लावून स्लॅबवर चढणार कोण? आणि छतावरच्या त्या डब्यात पाणी शिरून तोच जळालेला मी पाहिलाय. मी त्याला मदत म्हणून धरतो, भरवसा म्हणून नाही. भरवसा वायर कुठून जाते यावर.

माझ्या बॅगेत पॅनेलच्या वायरी जोडायचा एक जळका एमसी-फोर कनेक्टर असतो, दुसऱ्या एका कामावर काढलेला. तो काकाजींच्या हातावर ठेवला. नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची होती. बसवताना क्लिक वाजतं, ओढून पाहिलं तरी निघत नाही, सगळं ठीक वाटतं. पण आतल्या पिना एकमेकींसाठी बनलेल्या नसतात. काही महिने तापत राहतात, मग वितळतात. तो वितळलेला काळा गोळा त्यांनी उलटसुलट करून पाहिला, नखाने खरवडला आणि कापसाकडे बघितलं. सात हजाराने धरला तरी त्या खोलीतला माल पावणेतीन लाखांच्या वर जात होता. अख्ख्या सोलर सिस्टीमपेक्षा जास्त.

एवढ्यात पुण्याहून काकाजींच्या मुलाचा फोन आला. पोरगं हुशार, इंजिनिअर आणि व्हिडिओ बघून तयार होऊन बसलेलं. त्याचं पहिलं म्हणणं: सहाच्या सहा सिरीजमध्ये, एकामागे एक, जोडण्यापेक्षा तीन-तीनच्या दोन लाइन करून पॅरलल करा, व्होल्टेज निम्मं, धोका निम्मा.

कानाला बरं वाटतं, पण हिशेब बघा. सहा पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे साधारण 250 व्होल्ट, 13 अँपियर. चार एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरमागे पाच मिलिओहम धरा. 40 मीटरचं अंतर, जाणं-येणं 80, म्हणजे 0.4 ओहम. भर दुपारी सव्वापाच व्होल्ट वायरमध्ये जातात. दोन टक्के. सकाळ-संध्याकाळ करंट कमी, तेव्हा त्याहून कमी. आता तीन-तीनच्या दोन लाइन वर एकत्र करून त्याच वायरीने खाली आणल्या तर व्होल्टेज 125 आणि करंट 26. साडेदहा व्होल्ट जातात, तेही सव्वाशेतून. साडेआठ टक्के. शिवाय मे महिन्यात यवतमाळकडे पॅनेल सत्तर अंशांपर्यंत तापतं, तेव्हा व्होल्टेज आणखी पंधरा टक्के उतरतं. 125 चे 106 झाले की बऱ्याच इन्व्हर्टरच्या तळाच्या मर्यादेला ते टेकतं. आणि सव्वाशे व्होल्टचा डीसी ठिणगी धरत नाही असं कोणी सांगितलं? करंट दुप्पट झाला तर जोड उलट जास्त तापतात. सहाची सिरीज उन्हाळ्यात 212 वर आली तरी आरामात चालते आणि थंडीत, आठ-दहा अंशांच्या सकाळी, उघडी असताना, म्हणजे इन्व्हर्टर करंट ओढत नसताना, 310 पर्यंत जाते. 600 व्होल्टच्या इन्व्हर्टरला ते काहीच नाही.

दुसरं म्हणणं मायक्रोइन्व्हर्टरचं. प्रत्येक पॅनेलखाली छोटा इन्व्हर्टर, वरूनच एसी खाली येणार, तीनशे व्होल्टचा डीसी कुठेच नाही. ही सूचना मी हसण्यावारी नेली नाही. छतावर कडुनिंबाची सावली फिरत असती, किंवा पॅनेल दोन दिशांच्या उतारांवर बसणार असते, तर मीही तेच सांगितलं असतं. इथे सावली नाही आणि रांग एक. पैसे जास्त लागतात ते वेगळंच, पण मला खटकतं ते तापलेल्या पॅनेलच्या पोटाखाली इलेक्ट्रॉनिक्स ठेवणं. एक बंद पडला तर दारव्ह्याहून कोणी येईपर्यंत, पॅनेल उचलेपर्यंत किती दिवस जातील ते मला माहीत आहे.

आणि एक खरी अडचण होती, जी व्हिडिओत दिसत नाही. मीटरवर दुपारी 247 व्होल्ट येत होते, डीपी जवळच असल्यामुळे. इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनला वीज ढकलतो तेव्हा स्वतःच्या टोकाला व्होल्टेज मीटरपेक्षा चढवावं लागतं. एसीची वायर 40 मीटरची झाली की हे चढणं पाचेक व्होल्टचं. 247 चे 252. आणि 230 च्या दहा टक्के वर, म्हणजे 253 ला, इन्व्हर्टरने लाइनपासून सुटायचंच असा नियम आहे. ऐन दुपारी, जेव्हा युनिट पडायला हवेत तेव्हाच सिस्टीम बंद-चालू, बंद-चालू. इन्व्हर्टर मागे स्लॅबवर लावला असता तरी हेच झालं असतं. शेजारच्या दोन घरांनीही सोलर घेतलं की मीटरवरचं व्होल्टेज आणखी चढणार, ते वेगळं.

म्हणून ठरलं: सहाची एकच सिरीज, इन्व्हर्टर ओसरीत मीटरजवळ, एसीची वायर जेमतेम तीन मीटर, आणि लांब पल्ला डीसीचा, पण घराबाहेरून. मुलगा फोनवर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ठीक आहे, पण सहा एमएम टाका. टाकली असती तर वायरमधली तूट दोन टक्क्यांवरून दीड टक्क्याच्या आत आली असती. काकाजी म्हणाले, चारच टाका. मीही जोर केला नाही.

वरची जोडणी लीपफ्रॉगने केली. साधी साखळी केली तर शेवटच्या पॅनेलपासून परतीची वायर पूर्ण रांगभर मागे आणावी लागते, आणि प्लस-मायनसच्या मधे मोठा लूप तयार होतो. आपल्याकडे मार्च ते मे अवकाळीच्या विजा कशा पडतात ते सगळ्यांना माहीत आहे. वीज घरावर पडायची गरज नाही, जवळ कुठे पडली तरी अशा लूपमध्ये झटका तयार होतो. लीपफ्रॉगमध्ये जाताना एक, तीन, पाच आणि येताना सहा, चार, दोन. दोन्ही टोकं एकाच बाजूला हाती येतात, परतीची वायरच लागत नाही. फक्त पॅनेलच्या शेपट्या लांब हव्यात. 1200 मिमीच्या मागवल्या होत्या म्हणून जेमतेम पोचल्या. 300 च्या आल्या असत्या तर नाद सोडावा लागला असता.

एकही वायर लोंबती ठेवली नाही. तुरीच्या दिवसांत वानरांची टोळी गावात असते, ती स्लॅबवरून उड्या मारत जाते आणि लोंबणारं काहीही ओढून बघते. पांढरे केबल टाय उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत बिस्किटासारखे तुटतात, म्हणून फ्रेमच्या कडेला स्टीलच्या क्लिपा लावल्या. स्लॅबवरून खाली आल्यावर दोन्ही वायरी एकाच पाइपमधून, शेजारी-शेजारी, भिंतीला क्लॅम्प करत नेल्या. हेल्पर म्हणत होता जमिनीतून चर काढू, पटकन होईल. पण काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, पाइपचे जोड ती जागेवर राहू देत नाही. फक्त फाटकाजवळ, बैलगाडी जाते तिथे, जाड एचडीपीई पाइप दोन फूट खोल पुरला. वायरला मधे कुठेही जोड नाही, अख्खी एका कॉइलमधून.

याच मातीमुळे अर्थिंगचे खड्डे अंगणात न घेता न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घेतले. मे महिन्यात काळी माती रॉडपासून सुटते आणि जानेवारीत चांगला आलेला ओहमचा आकडा दुप्पट-तिप्पट होऊन बसतो. न्हाणीजवळ ती बाराही महिने ओली असते. काकूंना ते आवडलं नाही, धुणं धुवायची जागा अडते म्हणून. खड्डे दोन हात सरकवले.

दुपारनंतर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला. 500 व्होल्टला इन्सुलेशन चांगलं आलं. उघडं व्होल्टेज 284, ऊन कडक होतं, बरोबरच. मधल्या खोलीची जुनी लाइन पूर्ण तोडून टाकली. बल्ब आता दाराबाहेर, भिंतीवर. फ्यूज काढून एमसीबी बसवला, त्याचे पैसे वेगळे मागितले आणि काकाजींनी घासाघीस करूनच दिले. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा, महावितरणकडून नंतर आला.

निघताना शेजारचे दादा फाटकात उभे होते. त्यांनाही 3 किलोवॅटच पाहिजे. "आमच्याइथं कापूस नाही बाप्पा, विकून टाकला. वायर गोठ्यातून सीधी जाते, मोजून बी घेतली."

गोठ्यात काय आहे म्हणून विचारलं.

"काही नाही, ढोराईचं कुटार हाय. सोयाबीनचं."

कुटार म्हणजे वाळका भुसा. टेप परत बॅगेतून काढला आणि त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला लावला.