तुम्ही विचारलंत म्हणून: हर्णैच्या बंदरावर गेम बॉय कशाला?

हर्णैच्या बंदरावर मी गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम, घेऊन उभी राहिले की प्रश्न ठरलेला: "पर्समध्ये एवढा चांगला मोबाइल आहे, मग ह्या खेळण्याने कसले फोटो काढता?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगते.

हा निन्टेंडोचा गेम बॉय कॅमेरा, 1998 सालचा. गेमची कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवलेली छोटी डबी, जिथे बसते तिथेच तो बसतो. वरचं गोल डोकं फिरतं. भिंग आपल्याकडे वळवलं की स्वतःचाही फोटो निघतो. चित्र 128 बाय 112 ठिपक्यांचं आणि छटा चारच: काळी, पांढरी, मधल्या दोन राखाडी. फोटो मावतात 30. पुढचा हवा असेल तर आधीचा एखादा पुसायचा.

मला तो आवडतो तो ह्या चार छटांमुळेच. संध्याकाळी लिलावाच्या वेळी ऊन समुद्राकडून येतं. होड्या, त्यांच्यावरचे बावटे, मागे सुवर्णदुर्गाचा तट, सगळं काळं पडतं आणि पाणी पांढरं. मोबाइल अशा वेळी सावल्या उजळून सगळंच दाखवू बघतो. इथे बाणाच्या बटणांनी उजेड आणि कॉन्ट्रास्ट आपण ठरवायचा, म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं तेही आपणच ठरवायचं. टोपलीतल्या बांगड्यांचा फोटो घेऊन बघा. पाठीवरचे काळे पट्टे एकेक मोजता येतील इतके स्वच्छ उमटतात. शेजारचं पापलेट मात्र नुसता पांढरा डाग होतं, मग त्याला काळ्या ताडपत्रीवर ठेवायला सांगावं लागतं. असं बघायची सवय मला ह्याच कॅमेऱ्याने लावली.

आणखी एक. जुन्या गेम बॉयच्या पडद्याला आतून उजेड नाही. त्यामुळे भर उन्हात, पुळणीवर मोबाइलचा पडदा दिसेनासा होतो तेव्हा हा उलट जास्त स्पष्ट दिसतो. दिवेलागणीनंतर मात्र काही खरं नाही.

गेम बॉयचा छोटा प्रिंटरही आहे, 38 मिलिमीटर रुंदीच्या थर्मल कागदाचा. शाई लागत नाही. छापलेली पट्टी तिथल्या तिथे हातात देता येते, हे मला फार मोलाचं वाटतं. एक मावशी पट्टी न्याहाळून म्हणाल्या, "म्हावरं बरं दिसतंय, पण मी कुठाय गो?" मग त्यांना उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि दुसरा काढला. हा कागद उष्णतेने आणि उजेडाने फिका पडतो, म्हणून वहीत ठेवा असं प्रत्येकाला सांगते.

खाऱ्या हवेचा त्रास आहेच. कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहावं लागतं आणि पावसाळ्यात सगळा संसार सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात जातो.

तुम्हाला असा जुना कॅमेरा कुठे मिळालाच, तर सेल बदलायची घाई करू नका. फोटो आतल्या बटण सेलवर टिकून असतात. तो काढला की सगळे जातात. आधीच्या मालकाच्या घरातली माणसं अजून त्यात असू शकतात. कार्ट्रिज रीडरने ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मगच सेलला हात लावा.