तुम्ही विचारलंत म्हणून : स्टॉर्मची जागा

‘मार्वल व्हर्सेस कॅपकॉम’ म्हणजे मार्वल कॉमिक्सचे नायक आणि कॅपकॉम या जपानी कंपनीच्या गेममधली पात्रं यांची मारामारी असलेली व्हिडिओ गेमची मालिका. तिचा शेवटचा नवा गेम 2017 साली आला. त्यानंतर इतकी वर्षं गेली तरी मी पुढच्याची वाट का पाहतो, हे ऑफिसातली पोरं विचारतात, भाचीही विचारते. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये गेम पार्लर होतं. तिथे रांग लागायची ‘किंग ऑफ फायटर्स 97’ला. कोपऱ्यातल्या मशीनवर मात्र ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ असायचं, 1996 चं. याच मालिकेची ती सुरुवात; एक्स-मेन मार्वलचे, स्ट्रीट फायटर कॅपकॉमचा. तिथे गर्दी कमी, म्हणून ताई मला घेऊन तिकडे जायची. पार्लरमध्ये मुली जवळजवळ नसतच. ताई यायची, कॉइन टाकायची आणि न चुकता स्टॉर्म घ्यायची. पांढऱ्या केसांची, हवेत तरंगणारी, वीज पाडणारी बाई. जोडीला ‘स्ट्रीट फायटर’मधली चुन-ली. दोन वेगळ्या जगांतल्या दोघी एकाच बाजूने लढतायत, एकीने मार खाल्ला की ती मागे जाते, दम घेते, तोवर दुसरी उडी मारून आत येते. मला त्या वयात यापेक्षा भारी काही ठाऊक नव्हतं.

पुढे मावसभावाकडे प्लेस्टेशन आलं आणि त्यावर हाच गेम मिळाला. लावला, तर जोडीदार बदलताच येईना! दुसरा खेळाडू क्षणभर येऊन फटका मारून जायचा, बस. आम्हाला वाटलं सीडी खराब आहे. खरं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या यंत्राची मुख्य मेमरी 2 एमबी, आणि चार लढवय्यांच्या सगळ्या हालचाली एकाच वेळी तिच्यात मावत नव्हत्या. सेगा सॅटर्नवर हाच गेम पूर्ण चालवायला 4 एमबीचं जादा मेमरी कार्ट्रिज खोचावं लागे. म्हणजे यंत्राला पेलवणार नाही इतकं त्यात कोंबलेलं होतं. ही मालिका मला आवडते ती या सढळ हातामुळे.

‘मार्वल व्हर्सेस कॅपकॉम’च्या 2000 सालच्या दुसऱ्या भागात तर कमाल झाली. 56 पात्रं, तिघांविरुद्ध तिघं आणि मारामारीच्या मागे चक्क जॅझ. समतोलाच्या नावाने बोंब होती, हे मान्य. स्पर्धांमध्ये मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनल आणि केबल या चौघांचंच राज्य असायचं. तरी उरलेल्या 52 जणांपैकी प्रत्येकाचा कुणीतरी भक्त होताच. तिसरा भाग 2011 मध्ये आला. त्याच वर्षी त्याची ‘अल्टिमेट’ आवृत्तीही आली आणि एव्हो या मोठ्या स्पर्धेत ती अनेक वर्षं गाजली. 2015 च्या एव्होत चिलीचा केनब्ल्यूरिव्हर नावाचा खेळाडू हल्क, सेंटिनल आणि हॅगर असे तीन धिप्पाड गडी घेऊन जिंकला, तेव्हा मी पहाटे घरात एकटाच टाळ्या वाजवत होतो.

आणि मग 2017 चा ‘इन्फिनिट’. सुरुवातीला 30 पात्रं, त्यांत एक्स-मेन एकही नाही. स्टॉर्म नाही, मॅग्नेटो नाही, वुल्व्हरिन नाही. डॉक्टर डूमही नाही. एक्स-मेनच्या चित्रपटांचे हक्क तेव्हा फॉक्सकडे होते आणि मार्वलचा सगळा भर स्वतःच्या चित्रपटांतल्या मंडळींवर होता. चाहत्यांनी दुवा जोडला आणि हळहळ गिळलीही असती. चुन-लीचा चेहरा सुरुवातीच्या झलकींत इतका बिघडलेला होता की तो नंतर सुधारावा लागला. तेही चालवून घेतलं असतं.

मला लागलं ते एक स्पष्टीकरण. गेम येण्याआधी कॅपकॉमच्या बाजूने असं सांगितलं गेलं की पात्रं म्हणजे शेवटी त्यांची कामं. मॅग्नेटो आवडतो तो आठही दिशांना झेपावतो म्हणून, आणि तसं तर नोव्हाही करतो, कॅप्टन मार्वलही करते. ते वाचून मी ताईला फोन केला. म्हटलं, स्टॉर्मऐवजी दुसरी कुणी दिली, तिच्यासारखीच उडणारी, तर चालेल तुला? ती म्हणाली, “मग मी माझ्याऐवजी शेजारच्या काकूंना राखी बांधायला पाठवू का?”

खेळायला तो गेम चांगला होता, हे आवर्जून सांगायला हवं. कॉम्बोच्या, म्हणजे सलग फटक्यांच्या मालिकेच्या, मध्यातही जोडीदार बदलता यायचा. मार खाणाऱ्यालाही त्याच क्षणी दुसऱ्याला बोलावून सुटता यायचं. हात बसला की दोघं मिळून एकच माणूस झाल्यासारखं वाटे. सहा जादा पात्रं आली आणि तिथेच काम थांबलं. 2018 च्या एव्होच्या मुख्य यादीत त्याला जागाच मिळाली नाही, आणि 2023 च्या यादीत मात्र ‘अल्टिमेट’ परत आला, 2011 चा! डिसेंबर 2024 मध्ये चाहत्यांनीच ‘इन्फिनिट’चं रूप पालटणारा मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेला फेरबदल, काढला, कॉमिकसारख्या रंगरेषांचा. पदरचा वेळ घालून लोक दुसऱ्याचा गेम सजवतात, तेव्हा त्या मालिकेत जीव आहे की नाही हे मला वेगळं विचारावं लागत नाही.

आशेला आधार काय, म्हणाल तर आहे. फॉक्सचा चित्रपट-व्यवसाय मार्च 2019 मध्ये डिस्नेकडे गेला, त्यामुळे ती जुनी अडचण सरली. कॅपकॉमला चूक सुधारता येते, हेही आपण पाहिलं आहे. 2016 चा ‘स्ट्रीट फायटर 5’ अर्धाकच्चा आला होता, त्यात एकट्याने एकामागून एक लढती खेळायचा आर्केड मोडसुद्धा नव्हता. 2023 चा सहावा भाग मात्र भरल्या ताटासारखा आला. सप्टेंबर 2024 मध्ये मार्वल-कॅपकॉमचे आर्केडचे, म्हणजे पार्लरच्या मशीनवरचे, सात जुने गेम एकत्र निघाले, ऑनलाइन खेळण्याची सोय धरून. जून 2025 मध्ये आर्क सिस्टम वर्क्स या दुसऱ्या जपानी कंपनीचा ‘मार्वल तोकोन’ हा गेम जाहीर झाला, चौघांविरुद्ध चौघं, आणि पहिल्याच झलकीत स्टॉर्म दिसली. मी आनंदाने ओरडलो. पण त्यात समोर कॅपकॉमचं कुणी नाही; ‘स्ट्रीट फायटर’चा रियू नाही, चुन-ली नाही. जुगलबंदीला दोन घराणी लागतात. एकच घराणं कितीही सुरेल गायलं तरी ती मैफल वेगळी.

पुढच्या गेममध्ये मला काय हवं? पात्रं भरपूर हवीत. कुणाच्या चित्रपटाची तारीख जवळ आली आहे यावर ती ठरू नयेत. एक-दोन पात्रं अशी हवीत, जी पाहून कुणीच मागितली नव्हती तरी सगळे खूश होतील. दुसऱ्या भागात चालता-बोलता निवडुंग होता, तसं. समतोल थोडा ढळला तरी चालेल.

ताई आता नाशिकला असते. मागच्या दिवाळीत तिच्या घरच्या टीव्हीवर आम्ही तो सात गेमांचा संच लावला. भाचीने ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ सुरू करून दिला. ताईने हात पदराला पुसले, कंट्रोलर घेतला आणि पात्रांच्या चौकटींवरून थेट स्टॉर्मवर गेली. मग चुन-ली. या वेळी जोडीदार बदलता येत होता.

“ए, खरंच आत आली!” ती म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास कंट्रोलर काही माझ्या हाती दिला नाही.